खालच्या रांगेतले चेहरे

नाय, नाय, ऋतुराजदादा, डिझाइन कधीच झालंय, ते बघा ना स्क्रीनवर — साहेब हात जोडून उभे, मागं सिंह, वर सोनेरी अक्षरात वाढदिवस, पुंडलिकनगरच्या चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स लागला की रिक्षावाला मान वळवून बघंल. माझं अडलंय ते खालच्या रांगेत. चौदा शुभेच्छुक दिलेत तुम्ही. तेरा ठीक आहेत. हा चौदावा कोण? याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिलाय. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलाय ना? मला कळतं, बावीस वर्षं माणसं कापतोय मी. सत्यम. बरं. वाळूजला कंपनीत. बरं. त्याला विचारलंय का? — हसू नका. विचारलं का, एवढंच म्हणतोय. "त्यात काय विचारायचं?" — हेच. शब्दाला शब्द हेच म्हणलो होतो मी. बसा. छपाईच्या मशीनचं हेड साफ होतंय, दहा मिनिटं तरी जातील. चहा घ्या.

तुम्हाला ती परदेशी पोरं आठवतात? बेगमपुऱ्यात राहायची, सात जण, फार्मसीला, विज्ञानाला, सगळी एका समुद्रापलीकडच्या देशातली. देशाचं नाव सोडा, नाव घेतलं की पुन्हा कुणीतरी चौकशीला यायचं. माझ्याकडं का यायची? कारण या रस्त्यावर उर्दू-अरबी टाईप करणारा मी एकटा. व्हिसाचे फोटो, फॉर्म, झेरॉक्स, सगळं इथंच. त्यातला इद्रिस जास्त यायचा. मला 'अम्मो' म्हणायचा — काका. ईदला घरी यायचा, आमच्या घरवालीच्या, जोहराच्या हातचा शीरखुर्मा तीन वाट्या प्यायचा आणि वर म्हणायचा, आमच्याकडं यापेक्षा चांगला करतात. जोहरा म्हणायची, मग चौथी कशाला मागतोस रे बेटा?

तर तिकडं क्रांती झाली. तीस वर्षं एकच माणूस खुर्चीवर, त्याला तिथल्या पोरांनी, बायांनी रस्त्यावर बसून बसून खाली ओढला. महिनाभर बसले होते. इथं ही सात पोरं माझ्या याच बाकड्यावर मोबाइलला डोळे लावून. एक दिवस ओरडली, नाचली, मला उचललं — मला, या पोटासकट! आणि खुर्चीवर आला कोण? एक जनरल. सैन्यातला. टीव्हीवर म्हणाला, मी जनतेचा शिपाई, सहा महिने द्या, निवडणूक घेतो आणि बराकीत परत जातो. मी तेव्हाच म्हणलो, अरे, रिकाम्या खुर्चीवर जो 'जरा वेळ' म्हणून बसतो ना, तोच उठत नाय. एसटीत रोज बघतो आपण. पोरं हसली. म्हणली, अम्मो, हा तसा नाय, यानं आमच्यावर गोळी चालवायला नकार दिला होता. खरंच दिला होता, दादा. त्या दिवशी तो खरंच मोठा होता. म्हणून तर राग येतो.

दुसऱ्या दिवशी आले, अम्मो, बॅनर पाहिजे, गच्चीवर लावायचा. जनरलचा फोटो, देशाचा झेंडा, बस्स. मी बनवला. आणि बघतो तर खाली अर्धा फ्लेक्स मोकळा! आता तुम्हीच सांगा, शुभेच्छुक नसलेला फ्लेक्स कधी बघितलाय तुम्ही या शहरात? दहाव्याच्या फ्लेक्सवर सुद्धा खाली रांग असते! तर पोरांनीच सांगितलं फोटो टाका म्हणून — म्हणजे सांगितलं असंल — मी टाकले. सातही जणांचे. व्हिसाचे फोटो कॉम्प्युटरमध्ये होतेच. इद्रिसचा सगळ्यात झकास, कोट, टाय, मागं पांढरं, एका क्लिकमध्ये कापला जातो. म्हणून तो मधे घेतला, इतरांपेक्षा दीडपट. खाली 'आयोजक' टाकलं, पूर्ण नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, मोबाइल नंबर. तेही त्यांच्या लिपीत. माझी हुशारी! मराठीत लिहिलं असतं तर तिकडं कुणाच्या बापाला वाचता आलं असतं?

न्यायला आले तेव्हा सहा जण हसून लोळले. त्यांना वाटलं हिंदुस्तानी गंमत आहे. इद्रिस नाय हसला. म्हणला, अम्मो, माझं नाव कापा. मी म्हणलो — आता लपवून काय करू — मी म्हणलो, येडा का खुळा तू? इथं रांगेत नाव नसलं तर माणूस दुकान फोडायला येतो, आणि तू म्हणतो कापा? त्यात काय विचारायचं? तो म्हणला, आमच्याकडं अशा फोटोखाली नाव लिहीत नसतात, अम्मो. मित्रांनी त्याला ओढून गच्चीवर नेला, फ्लेक्ससमोर उभा केला, फोटो काढले, घरी पाठवले. झालं. ते फोटो फिरत फिरत जनरलच्या टीव्हीवर. बघा, हिंदुस्तानात सुद्धा आमच्या जनरलचे फलक लागतात! इद्रिसच्या बापाला, हेडमास्तर आहेत ते, लोक रस्त्यात थांबवून हात मिळवायला लागले.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. वर्षाची दोन झाली. जनरलनं छातीवर बिल्ले वाढवले, नोटेवर स्वतःचा फोटो घेतला, निवडणुकीचं नाव काढलं की शत्रू सीमेवर आहे म्हणायचा. आणि मग ज्या पोरांनी त्याला खुर्ची दिली तीच पोरं पुलावर बसली, त्याच घोषणा द्यायला. या वेळी त्यानं गोळी चालवायला नकार दिला नाय. इद्रिस इथं, तुम्ही बसलात तिथंच बसून बघत होता. मला म्हणला, अम्मो, तो फ्लेक्स कुठंय, मला जाळायचाय. कुठं असणार? वाऱ्यानं फाटला तेव्हा मीच कन्नडला भावाकडं नेला होता, मक्याच्या ढिगावर टाकायला. अजून तिथंच आहे. जनरल पालथा पडलाय, वर दगड ठेवलेत. पण ढिगावरचा जाळून काय होतंय? फोनातला कसा जाळणार?

गेल्या हिवाळ्यात जनरल पळाला. सैन्यातल्याच त्याच्या माणसांनी साथ सोडली, विमानात बसला आणि कुठल्या तरी शेखाच्या बंगल्यात जाऊन राहिला. आता म्हणे बागकाम करतो. त्याचं काय वाकडं झालं? सांगा ना! काही नाय. नवे आले त्यांनी याद्या काढल्या — जनरलची माणसं कोण. खरी माणसं विमानात त्याच्यासोबत गेलेली. मग यादी भरायची कशानं? फोटोंनी. रांगेत मधला, दीडपट, कोट-टाय, आयोजक. बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं मीच लिहून दिलेलं. हेडमास्तरांना शाळेतून उचलून नेलं. विचारलं, तुझा पोरगा जनरलचा हिंदुस्तानातला माणूस, किती वर्षांपासून?

इद्रिस आला. उभाच राहिला. म्हणला, अम्मो, एक कागद द्या. दुकानाच्या लेटरहेडवर, नोटरीचा शिक्का मारून — की फोटो मी टाकला, नाव मी टाकलं, या पोरानं नको म्हणून सांगितलं होतं. बस्स. हा कागद घेऊन जातो, बापाला सोडतील. एका पानाचं काम, दादा. टाईप करायला चार मिनिटं.

मी म्हणलो, सोमवारी ये.

आता असं बघू नका माझ्याकडं. तुम्हाला काय जातंय? साध्या कपड्यातला एक माणूस आधीच येऊन गेला होता, कोण पोरं, काय बॅनर, तुमचा काय संबंध. माझं नाव गयास आहे. गयासनं परदेशातल्या जनरलबद्दल स्टॅम्पपेपरवर सही करायची म्हणजे — तुमच्या लक्षात येतंय ना? तुमच्यासाठी तो कागद असतो. माझ्यासाठी फाइल असते. सोमवारी तो आला. मी म्हणलो, नोटरी गावाला गेलाय. नोटरी समोरच बसला होता, पान खात. इद्रिसनंही बघितलं त्याला. गुरुवारी पुन्हा आला, सलाम केला, जोहराला सलाम सांगा म्हणला, आणि तसाच त्याच्या देशाला गेला. बिनकागदाचा. विमानतळावरून मला फक्त विमानाचा फोटो पाठवला.

मी केला नंतर कागद. हा बघा, ड्रॉवरमध्येच आहे, शिक्क्यासकट. त्याच रात्री फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. बघा. एक टिक. एकशे अकरा दिवस झाले, एकच टिक. उरलेल्या सहा जणांना विचारावं तर त्यांनी नंबर बदलले. दूतावासाला पत्र लिहिलं, तर त्यांचा दूतावासच बंद. जोहरा रोज सकाळी चहा ठेवताना विचारते, दुसरी टिक आली का? बाकी बोलत नाय माझ्याशी. नोटरीचं तिला कसं कळलं, कुणास ठाऊक.

— झालं हेड साफ. आता बोला. या सत्यमला फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर. स्पीकरवर. उचलत नाय? शिफ्टवर आहे, फोन लॉकरात — बरोबर आहे, असणारच. मग शिफ्ट सुटंपर्यंत थांबा. नाय? संध्याकाळी लागायलाच पाहिजे? मग तेरा जणांचा छापतो, चौदावी जागा मोकळी सोडतो. का नको? रांग लंगडी दिसती? दिसू द्या ना! साहेबांना काय, साहेब वर आहेत, सिंहाच्या पुढं, त्यांना खाली कोण आहे ते दिसतं तरी का? उद्या साहेबांनी पार्टी बदलली तर हा पोरगा तिकडं वाळूजला सुपरवायझरपुढं काय सांगणार — खांद्यावर कुणाचा हात होता ते?

आवाज चढवू नका. मी तुमचंच ऐकतोय. घ्या, हा पेन ड्राइव्ह. डिझाइन टाकलंय त्यात, चौदाही आहेत. समोर दुकान आहे, ते वीस मिनिटांत छापून देतात. विचारत नाहीत काही.

चहा ठेवा तो. गार झालाय.

जा.