उंची पाच फूट एक

नाही, तुम्हीच सांगा, फसवायचं तर परक्याने फसवावं ना! गिऱ्हाईक फसवतं, चालतं. कापडवाला फसवतो, चालतं, आपणही अधूनमधून अर्धा मीटर जास्त सांगतोच… पण पोटची पोरगी? तीही माझ्याच टेपखाली उभी राहून? आणि सगळ्यांना माहीत! मला सोडून!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवतोय. पोरगी अंगाने चपळ, जिना कधी चढली म्हणून नाही, उडतच गेली. बारावं लागलं तसं मी ठरवलं, हिला खेळात घालायची. पण कुठल्या? डोळे झाकून नाही हं! मापांच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले: खेळ, मिळकत, किती वर्षं, कुठली हाडं मोडतात. क्रिकेट? जागा अकरा आणि मागे अर्धं जग रांगेत. टेनिस? जिंकलात तर राजे, पहिल्या फेरीत हरलात तर परतीचं तिकीट आपल्याच खिशातून. बॉक्सिंगमध्ये पैसा बरा, पण माणसाला नाक एकच असतं. गोल्फ साठीपर्यंत खेळता येतं, पण मैदान लागतं हो, आमच्याकडे कपडे वाळत घालायला जागा नाही! राहता राहिलं बास्केटबॉल. तिथे म्हणे मोठ्या संघात बाकावर बसणाऱ्यालाही पगार! न खेळता! मी तिथेच लाल रेघ मारली.

फक्त उंची हवी. शाळेतले खेळाचे सर म्हणाले, "पाच फूट सहा झाली की आणा, लगेच घेतो." झालं! दर एक तारखेला सकाळी, दाराच्या चौकटीपाशी, पोरगी गाऊनमध्ये उभी आणि मी टेप लावतोय… पाच एक. पुढच्या महिन्यात? पाच एक. दोन वर्षं पाच एक! दूध वाढवलं. दुकानातल्या कपडे टांगायच्या दांडीला तिला लोंबकळवली, खाली उभा राहून मी "खांदे सोड, खांदे सोड" करतोय! बायको म्हणायची, "असू दे हो, तुमच्या घराण्यात सगळे बुटकेच." चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही बाईच्या! आणि तिला माहीत होतं! मला सोडून सगळ्यांना!

बरं, एक गोष्ट खटकायची. हिच्या पँटी आखूड व्हायच्या. कमरेपासून जमिनीपर्यंत मीच माप घ्यायचो, मीच बेतायचो, आणि घोटे उघडे! म्हटलं कापड आटलं. तागा काखेत मारून गेलो कापडवाल्याकडे, चार लोकांसमोर त्याला चोर म्हणालो. तो म्हणतो, "अहो, टेरिकॉट कधी आटतं का?" आणि हसला. का हसला ते आत्ता कळतंय!

तुम्ही म्हणाल, घरातल्या घरात दिसलं नाही? अहो, मशीनवर मान खाली घालून बसणारा मी, मला जग गुडघ्यापासून कमरेपर्यंतच दिसतं!

तर परवा शाळेतून निरोप, बक्षीस समारंभ आहे, या. गेलो. फोटोसाठी पोरी ओळीने उभ्या. मधोमध बास्केटबॉलची कप्तान, पाच फूट सात, माप माझं, त्यात फरक नाही. आणि तिच्या शेजारी माझी पोरगी… दोन बोटं वर! मी सरांना म्हटलं, "ही कधी वाढली?" सर म्हणतात, "केव्हाच! पण ती म्हणाली, बास्केटबॉल नको, बाबांना कळवू नका…"

घरी येऊन विचारलं. गुडघे वाकवायची हो! गाऊनच्या आत! आधी दोन इंच, मग चार, शेवटी शेवटी तर जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखी! आणि कशासाठी? चालण्याच्या शर्यतीसाठी! धावायचं नाही, चालायचं! भरभर! मी म्हटलं, "अगं, चालण्याचे पैसे मिळाले असते तर पोस्टमन बंगल्यात राहिले असते!" वही काढली, तर चालण्याला रकानाच नाही! आणि नियम काय त्या खेळाचा? पाय टेकला की गुडघा सरळ हवा, वाकला की पंच बाहेर काढतात. हिला आजवर एकदाही काढलं नाही! म्हणजे सगळ्या जगासमोर गुडघा ताठ, आणि बापासमोर…?

ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला तीनदा सांगितलं, मला चालायचंय. तुमच्या तोंडात टाचण्या होत्या. तुम्ही 'हं हं' म्हणालात."

लागलं हो. फसवलं म्हणून लागलं, आणि टाचण्या खरंच होत्या म्हणून जास्त लागलं.

पुढच्या स्पर्धेच्या कागदावर मुकाट सही केली. तिला नवी हाफ पँट हवी होती. समोर ताठ उभी राहिली, म्हणाली, "घ्या बाबा, आता खरं माप." पण टेप हातात आणि हात पुढे जाईना! विश्वासच उडालाय, कुठला आकडा लिहू? शेवटी म्हटलं, चल, पलीकडच्या शिंप्याकडे. वीस वर्षं त्याच्याशी बोलत नाही मी, तरी गेलो. म्हटलं, "हिचं माप घे बाबा." तर तो टेपला हातही लावेना! वही उघडली, बोट ओलं करून पान उलटलं आणि म्हणाला,

"घ्यायचं कशाला? आहे की! दोन वर्षं मीच तर शिवतोय!"