कुस्तीआधीचा निकाल

बातमीदारी मला कुणी शिकवली म्हणता? आमच्या काष्टीच्या पोस्टमास्तरांनी.

स्वराज्य यायच्या आधीची गोष्ट. शाळा चौथीपर्यंत झालेली, तरी मी नगरच्या एका साप्ताहिकाला गावच्या बातम्या पाठवायला लागलो होतो. जत्रेतली शेवटची कुस्ती दिवस मावळताना व्हायची, टपाल मात्र दुपारीच निघायचं. आमचा गणपा हरत नसतो, ही मला खात्री. म्हणून सकाळीच कार्डावर ‘गणपाने मैदान मारले’ असं लिहून पेटीत टाकलं.

संध्याकाळी गणपा बघता बघता चीतपट झाला. माझी बातमी छापून आली असती, तर गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी तसाच पोस्टमास्तरांच्या घरी पळालो.

“मास्तर, टपाल गेलं का वो?”

“दुपारीच गेलं.”

मी ओट्यावर मटकन बसलो.

मास्तरांनी कोटाच्या खिशातून माझं कार्ड काढलं. “हे तेवढं ठेवलं. कुस्ती लागायच्या आधीच गणपा जिंकला कसा रे?”

माझ्या जिवात जीव आला. “चुकलं, मास्तर. पुन्हा न्हाई व्हनार.”

“खोटं लिहायचं असेल तर पाकिटात घालत जा. कार्ड मी वाचतो.”