विद्येचं झाड कुणी ओरबाडलं

मी मूळची खडकीचीच. वडील दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला, दोन खोल्यांचं क्वार्टर, आम्ही पाच भावंडं. आम्ही बौद्ध, वडील म्हणायचे पोटाला चिमटा काढा पण शाळा सोडू नका, तर मी शाळा सोडली नाही ती अशी की अजून शाळेतच आहे, लायब्ररीत. मुलं मला लायब्ररीबाईच म्हणतात, शालन हे नाव फक्त पगारपत्रकावर.

तेवीस वर्षं झाली. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर मी स्वतः घातलेलं, आणि हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही. कडक होते मी, नाही असं नाही, पण पोरं यायची हो माझ्याकडे. का यायची सांगू? फाटकापाशी विद्येचं झाड आहे, ते चपट्या पानांचं, पंख्यासारखं. त्याचं पान पुस्तकात ठेवलं की विद्या येते, तुम्हीही ठेवलं असेल लहानपणी, नाही म्हणू नका. तर जो मुलगा पुस्तक न फाडता वेळेवर परत आणील, त्याला मी एक डहाळी तोडून द्यायची. त्या डहाळीसाठी पोरं वाचायची. तेवीस वर्षं हेच चाललं.

मग ही मीनलताई आली. कुठल्याशा संस्थेची, दर शनिवारी, वय असेल पंचविसेक, पायात बूट, पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये पुस्तकं, सगळी झाडापक्ष्यांची, मुंग्यांची, सापांची, आणि एकालाही कव्हर नाही. मी म्हटलं अहो कव्हर घालून देते, तर म्हणते बाई, मुलांना चित्र दिसू दे की. म्हणजे तेवीस वर्षं मी काय चित्रं लपवत होते का? आता लपवत होतेच म्हणा, पण ते तिनं मला शिकवायचं?

आणि हातबित धुणं काही नाही. आंब्याखाली बसवायची, गोष्ट वाचायची, की पोरं लगेच गुडघ्यावर बसून मुंग्यांची रांग बघतायत. शिपायानं पाल मारायला झाडू उचलला तर अख्खा वर्ग आडवा आला, मामा, ती डास खाते, आम्ही वाचलंय. चांगलंच होतं ते, मला काय कळत नाही का. पण जळफळाट व्हायचा हो. काय सांगू तुम्हाला, सोमवारी माझ्या तासाला पोरं विचारायची, बाई, शनिवार कधी? माझ्या तोंडावर! मी म्हणायची, शुक्रवारनंतर.

सानिया म्हणून चौथीतली मुलगी, तिच्या अब्बांची बेकरी आहे, तिच्यावर माझा विशेष जीव. ती आधी सुट्टीत माझ्याजवळ बसून डबा खायची. तीही गेली तिकडे. ते मला फार लागलं.

मग मी काय केलं, सांगायला लाज वाटते. एका शनिवारी ताई यायच्या आत स्टूल घेतलं, फाटकापाशी गेले आणि झाडाच्या हाताला लागतील तेवढ्या डहाळ्या तोडल्या. ओंजळभर नाही, टोपलीभर. पुस्तक आणलेलं असो नसो, म्हटलं आज सगळ्यांना देते, बघू कुणाकडे पळतात ते. आणि ताईची गोष्ट ऐन रंगात असताना टोपली घेऊन मधे उभी राहिले, चला रे, विद्या घ्या.

कुणी उठलं नाही. सानियाच बोलली, हळूच. बाई, नको. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर असतं, ताईंनी वाचून दाखवलं. खालच्या फांद्यांचं तर सगळंच गेलं, आता ते जेवणार कसं?

मी वळून बघितलं. अहो, रोज त्याच फाटकातून येते जाते, पण मी कधी बघितलंच नव्हतं. माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत झाड बोडकं, नुसत्या काड्या.

ताईला माझी दया आली असावी, ती पुढे येऊन म्हणाली, मला द्या ना एक, आमच्या शाळेतपण ठेवायचो. तर पोरं तिच्यावरच उखडली, ताई, तुम्हीच सांगता आणि तुम्हीच घेता? तिचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगू, मला क्षणभर फार बरं वाटलं. मग घरी जाऊन रडले.

माळी म्हणाला, बाई, ह्या जातीला खालून परत फूट येत नाही. म्हणजे ते आता असंच राहणार. मी तोडणं सोडलं, कव्हरंही काढायला लागले, पण बोडकं ते बोडकंच.

परवा शाळेला मोठे साहेब आले तपासणीला, बरोबर हेडबाई, ताई, मी, आणि पुढे चौथीचा वर्ग. फाटकापाशी साहेब थांबले. हे झाड कुणी ओरबाडलं? हेडबाई आभाळात बघायला लागल्या. म्हटलं आता ही मुलं बोलणार, झाडावर एवढा जीव त्यांचा, का नाही बोलणार? सानिया पुढे झाली. शेळीनं खाल्लं सर. मागून दुसरा, हो सर, दोन शेळ्या होत्या. तिसरा म्हणतो, एक काळी होती. माझ्याकडे एकानंही बघितलं नाही. ताई आपली बुटांकडे बघत उभी.

आता दोन वर्षांत रिटायर होईन, किल्ली कदाचित तिच्याकडेच जाईल. जाऊ दे. तिचं भलं होवो, मनापासून म्हणते, म्हणजे बरंचसं मनापासून. मुलं तिच्याकडून शिकतायत, शिकू देत, सुखी राहोत. पण खरं बोला, खरं बोला म्हणून मी तेवीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडले, आणि माझ्यासाठी ती सगळी एका सुरात खोटं बोलली. तिच्यासाठी बोलतील का? विचारा बरं तिला.