एका दुकानाचे दोन बोर्ड

ताई : थांबा पेंटर, खिळा ठोकू नका! 'कलर सेंटर'मधल्या कलरचा यू कुठे गेला?

पेंटर : त्या बोर्डात नाही ताई. या दुसऱ्यात आहे.

ताई : दुसऱ्यात? मी एकच बोर्ड सांगितला होता.

पेंटर : एक तुम्ही सांगितलात, एक तुमच्या भावानं.

भाऊ : हो, मीच सांगितला. यू काढून. हल्ली सगळे तसंच लिहितात.

ताई : सगळे म्हणजे तुझ्या ऑफिसातले. अमेरिकन पद्धत ती. बाबांच्या डिक्शनरीत चांगला ठसठशीत यू आहे.

भाऊ : माझ्या मोबाइलवर यू घातला की खाली लाल रेघ येते.

ताई : माझ्या मोबाइलवर नाही घातला की येते!

भाऊ : दाखव... अरेच्चा!

ताई : रंगाचे डबे बघ. या कंपनीच्या डब्यावर यू आहे, शेजारच्या डब्यावर नाही. फळी एकच.

भाऊ : बरं, आणि सेंटरच्या शेवटी तू आर आधी, ई नंतर लिहायला सांगितलंस. लोक 'सेंट्रे' वाचतील.

ताई : वाचू देत. बरोबर आहे ते.

भाऊ : मग माझं चूक?

ताई : तुझंही डिक्शनरीत आहे, कंसात. म्हणजे चूक नाही. म्हणजे माझंही... देवा, डोकं गरगरायला लागलं माझं.

पेंटर : मला विचाराल तर मी अक्षरं चित्रासारखी काढतो. लावू का आता? डावीकडे ताईंचा, उजवीकडे भाऊंचा.

ताई : एका दुकानाला दोन बोर्ड? उद्या दुकान पुन्हा उघडायचंय, लोक हसतील.

पेंटर : एक कुठलं? वाटणी झाली ना?

भाऊ : कसली वाटणी? कोण म्हणालं?

पेंटर : तुम्हीच की! ताईंचा फोन आला, "माझ्या दुकानाचा बोर्ड करायचाय, भावाला विचारत बसू नका." मागोमाग तुमचा, "माझ्या दुकानाचा बोर्ड, ताईला विचारायची गरज नाही." मी म्हटलं, वडील गेले, वर्षही झालं नाही, पण आपण कशाला मध्ये पडा?

(भाऊ ताईकडे वळतो.)

भाऊ : ताई, तू असं म्हणालीस?

ताई : तू नाही म्हणालास?

भाऊ : म्हणालो. रागाच्या भरात.

ताई : मला काही कळेनासं झालंय रे. आपण स्पेलिंगवरूनच भांडतोय ना?

भाऊ : मला तरी तसंच वाटत होतं.

ताई : मला भीती वाटते. बाबांच्या मागे हे दुकानच तेवढं राहिलंय आपल्या दोघांचं.

पेंटर : मग बोर्ड कुठला लावू?

भाऊ : ताईचा लावा.

ताई : नको, याचाच लावा.

पेंटर : झालं! आता उलट्या बाजूनं सुरू. ते सावकाश ठरवा. पण गवंडी विटा घेऊन निघालाय. मीच निरोप धाडला होता, मधे भिंत घालायची असेल म्हणून. त्याला काय सांगू?

ताई : चहाला ये म्हणावं. विटा घरी ठेवून.