अर्ध्या तासाच्या खुर्च्या

वहिनी : आधी सांग, आत्या म्हणून विचारतेस की नर्स म्हणून?

नणंद : दोघी एकाच अंगात आहेत गं, वेगळ्या कुठून काढू? पलीकडच्या गल्लीत मुलांना गोवर झालाय. आपलं पिल्लू नऊ महिन्यांचं होऊन गेलं. सोमवारी लस देऊन टाकू.

वहिनी : नको.

नणंद : आधीच्या सगळ्या दिल्यास की!

वहिनी : त्या माहेरी आईनं नर्सला घरी बोलावून दिल्या. मी आतल्या खोलीत कानांवर उशी दाबून बसले होते.

नणंद : मोबाइलवर काहीबाही वाचलं असशील.

वहिनी : वाचायला कशाला लागतंय? त्या लॉकडाऊनवाल्या साथीत माझ्याच दंडावर लस घेतली की.

नणंद : घेतलीस, आणि ठणठणीत आहेस.

वहिनी : झालं, आली नर्सबाई! त्या रात्री कुठे होतीस? ताप फणफणलेला, दात वाजतायत, तुझा भाऊ कारखान्यात. वाटलं, संपलं आता. लसीच्या केंद्रावर फोन केला, कुणी उचलेना. तुला केला, तर बंद.

नणंद : कामावर फोन कपाटात ठेवायला लागायचा. पण ताप येतो, हे सांगितलं नव्हतं कुणी?

वहिनी : कोण सांगणार? सुई टोचली की ‘चला, पुढे चला’. बसूसुद्धा दिलं नाही.

नणंद : खुर्च्या होत्या गं आमच्याकडे. टोचल्यावर अर्धा तास बसवायचं, काय होईल ते सांगायचं, शंका विचारू द्यायच्या. रांग रस्त्यावर गेली, तशा साहेबांनी त्या उचलायला लावल्या. म्हणाले, इथे आणखी एक टेबल मावेल.

वहिनी : मावलं?

नणंद : मावलं. आकडा दुप्पट झाला, टाळ्या वाजल्या. आणि लसीनं माणसं वाचली, हे तूही नाकारणार नाहीस.

वहिनी : कशाला नाकारू? तुझे बाबा वाचले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लसीवर राग नाहीच माझा. मला ढकललं त्याचा आहे.

नणंद : पुढच्या साथीची तयारी म्हणून परवा बैठक आहे. सगळे फ्रीज मागणार, गाड्या मागणार. मीही तेच मागणार होते.

वहिनी : माग की, लागतातच. पण फोन उचलणारं एक माणूसही माग.

नणंद : मागते. तुझं त्या रात्री काय झालं, हे मी कधी विचारलंच नाही.

वहिनी : आज तरी कुठे विचारलंस? मीच सांगितलं.

नणंद : खरंय बाई.

वहिनी : या लसीनं पिल्लाला काय होईल? गोड गोड नको, खरं सांग.

नणंद : टोचताना रडेल. मग आठवड्याभरानं एखाद्याला ताप येतो, बारीक पुरळ उठतं, दोन-तीन दिवसांत जातं. पण गोवर झाला आणि छातीत उतरला, तर माझ्या हातात काही राहत नाही. मला भीती वाटते गं. भाचा आहे माझा.

वहिनी : आणि त्या आठवड्यानंतर तुझा फोन कपाटात असला तर?

नणंद : रजा टाकते. इथेच येऊन राहते.

वहिनी : मग येताना पांघरूण आण. आमच्याकडे जास्तीचं नाही.