दोघांची दुलई

अहो, घडी नाही घालायची हिची — कोंबायची. अशी. आधी पायाकडचं टोक पिशवीच्या बुडाशी, मग मूठमूठ करून बाकीची मागनं. रोज घडी घातली की त्याच रेषेवर पिसं मोडतात. हो, पिसंच, बदकाची, आणि वरचं कापड एवढं पातळ की उजेडात धरलं तर आतली मोजता येतील. काय म्हणालात, पाठीला काहीच नाही? अहो, मुद्दामच नाही! स्लीपिंग बॅगेत झोपलात की पाठीखालची पिसं दबून चपटी होतात, ऊब द्यायचं काम काडीचं करत नाहीत — मग फुकट कशाला वाहायची? म्हणून पाठ काढली, चेन काढली, टोपी काढली, उरली ती ही दुलई. खाली चटई, वरून ही, कडेच्या पट्ट्या चटईला अडकवल्या की झालं. मला एवढं कुठलं कळतंय, मी आपली बिलं करणारी. आमच्या ह्यांनी शिकवलंय. डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं हे दुकान दोघांचं आहे, वेड एकट्याचं.

वेड म्हणजे — हसू नका — दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापतात. का? डोंगर चढताना पाठीवर तेवढंच वजन कमी! टॉवेलची लेबलं कापतात, पिशव्यांचे जास्तीचे बंद कापतात. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर माझ्या वजनकाट्यावर ह्यांचे मोजे! मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, त्यापेक्षा स्वतःचं पोट कमी करा, तर दोन दिवस तोंड फुगवून बसले. पण माणूस वाईट नाही हो. बोलता येत नाही, एवढंच. प्रेमाचं बोलायला गेले तरी तोंडातून ग्रॅमच बाहेर पडतात.

नवीच आहे, वापरलेली नाही. म्हणजे... एकदाच, आणि तेही इथे, ह्या फरशीवर. आता विचारलंत म्हणून सांगते — बरं, नाही विचारलंत, तरी सांगते. परवा भर दुपारी शटर खाली ओढलं, एसी सोडला कडाक्याचा, चटया टाकल्या आणि म्हणाले, ये, ऊब तपासू. घरी आम्ही वेगळी पांघरुणं घेतो, कारण हे ओढतात. आणि माझे पाय पडले गार, ह्यांना लागले की किंचाळतात. त्या दिवशी किंचाळले नाहीत. माझ्या बाजूची कड हातानं दाबून धरली होती, वारा शिरू नये म्हणून. आणि म्हणाले, चल ना ह्या वेळी डोंगरात, माझ्याबरोबर. मला! इतकी वर्षं हे एकटे जातात, मी गल्ला सांभाळते, कधी शब्दानं विचारलं नव्हतं. मी लाजलेच की हो ह्या वयात. म्हटलं, आज कसं सुचलं? तर काय म्हणावं माणसानं? — ‘दोघांत एक दुलई नेली की माणशी वजन कमी पडतं.’ घ्या! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी तिथल्या तिथे उठले आणि म्हटलं, तुम्हाला बायको नकोय, वजनाचा हिशोब जुळवायला माणूस हवंय. विकून टाका ही दुलई आणि जा एकटे. आज सकाळी ह्यांनी किमतीची चिठ्ठी लावली, खुंटीला टांगली आणि आत्ता तुम्ही यायच्या आधी गेले तिकीट काढायला. एकच काढणार. मीच सांगितलं ना तसं.

जाऊ दे. तुमच्या मिसेसचे पाय गार पडतात का? ...लग्न नाही? मग बरोबर कोण — कोणीच नाही? अहो, मग दोघांची कशाला? लोळायला? कमाल आहे! एकट्याची घ्या, तिथे मागे आहे, साडेपाचशे ग्रॅम. ही नऊशे भरते. आमचे हे स्वतः साडेपाचशेचीच नेतात, आणि ही तर म्हणाले मीच उचलतो, तू फक्त तुझं पाणी घे...

थांबा जरा.

साडेपाचशे सोडून नऊशे. म्हणजे ह्यांचं ओझं वाढलंच की! कमी कुठलं? टॉवेलचं लेबल कापणारा माणूस — त्याला हे कळलं नसेल? चांगलं कळलं होतं. नुसतं ‘तू ये’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून... आणि मी बाई ताडताड उठून गेले. किती वाईट वाटलं असेल हो त्यांना.

द्या ती पिशवी इकडे. द्या म्हणते ना! हे बघा, काढली बाहेर. नाही विकायची. जास्त पैसे देऊनही नाही. चिठ्ठी होती — आता नाही, ही फाडली. रागावू नका, पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे, आमच्यापेक्षा स्वस्त देतात, माझं नाव सांगू नका. मला फोन करायचाय. हॅलो? अहो, खिडकीपाशी पोचलात का? एक नका काढू. एक नका काढू म्हणते! ...दोन काढलीत? कधी?

...तुम्ही अजून इथेच? जा ना हो!