ओलुचीच्या आईपासून बारा पावलं

दुबेम : फक्त गुरुवारपर्यंत, आई. आज सोमवार. उरले किती? तीनच दिवस!

ओलुचीची आई : पोर काय तुझ्या परिषदेची तारीख बघून जन्माला आली? ओलुचीला पहाटे चारला झाली. मुलगी आहे. ती मसाल्याची पुडी दे इकडे, आणि त्या सुक्या माशांवरून ऊठ आधी.

दुबेम : अरे देवा. उठलो, उठलो. आणि अभिनंदन, आई. मनापासून. पण…

ओलुचीची आई : पण-बिण काही नाही. लागोसची बस आठला सुटते. पॉलिकार्प, किती वाजले हो?

पॉलिकार्प : सहा पन्नास. आणि आज अकारा मिळणार नाही, हे सकाळपासून बारा जणांना मीच सांगितलंय. पंक्चरचं दुकान आहे माझं की तुमची पाटी?

ओलुचीची आई : एकतीस वर्षं या कोपऱ्यावर चवळीचे वडे तळतेय. तीन महिने नाही तळले तर एनुगू काही उपाशी मरत नाही.

दुबेम : उपाशी नाही मरणार, हरवेल. आई, मी तुम्हाला समजावलं होतं ना? नकाशात सहाशे बारा घरं तुमच्यापासून मोजलीत. ‘ओलुचीच्या आईपासून चाळीस पावलं, निळं फाटक.’ ‘ओलुचीच्या आईच्या मागची तिसरी गल्ली.’ ॲम्ब्युलन्स, आगीचा बंब, गॅसवाला, सगळे तुमच्यावरून येतात.

पॉलिकार्प : माझा पत्तासुद्धा तोच. ‘ओलुचीच्या आईपासून बारा पावलं, डावीकडे.’ सव्वीस वर्षं टायर जोडतोय इथं, आणि कागदोपत्री मी कोण? तर हिच्या डावीकडचा!

ओलुचीची आई : मग मोजा की, मी कुठं नको म्हणतेय? मी जाते. कोपरा काही माझ्याबरोबर येत नाही.

दुबेम : येतो! तीच तर गोष्ट आहे. कोपरा नकाशात नाहीच, तुम्ही आहात. माझा शोधच तो. आपल्याकडे गल्ल्यांना नावं नाहीत, घरांना नंबर नाहीत, लोक माणसावरून पत्ता सांगतात. आणि माणसं हलतात. म्हणून मी ठिपका माणसाच्या फोनला जोडला. माणूस हलला की ठिपका हलतो. जिवंत ठिपका! अख्ख्या आफ्रिकेत कुणी केलेलं नाही हे.

पॉलिकार्प : का केलं नाही, ते विचारलंस का कुणाला?

ओलुचीची आई : म्हणजे मी लागोसला गेले तर…

दुबेम : तर आपली ही आबाक्पा वस्ती सगळी लागोसला जाते. सहाशे बारा घरं, दोन शाळा आणि एक दवाखाना.

ओलुचीची आई : मी तिकीट एकच काढलंय रे.

पॉलिकार्प : हसू नका. परवा तुम्ही मागच्या न्हाणीघरात गेलात आणि एक ट्रकवाला टायर ढकलत न्हाणीघराच्या डाव्या भिंतीशी मला हाका मारत होता. बायकांनी त्याला बादलीनं बदडलं.

ओलुचीची आई : थांबा, थांबा. गेल्या महिन्यात मी दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसले होते, आणि एक माणूस डोक्यावर डबल गादी घेऊन आत घुसला, तो…

दुबेम : ती निळ्या फाटकाची गादी. तो बिचारा चाळीस पावलं मोजत आला होता.

ओलुचीची आई : डॉक्टर म्हणतायत मी मागवली नाही, तो म्हणतोय सही करा. शेवटी कंटाळून मीच केली सही, तोंडात कापूस तसाच!

पॉलिकार्प : आणि रविवारचं चर्च? पाद्रीबाबा नरकातल्या आगीचं सांगत होते. एवढ्यात बंबवाले पाइप ओढत आत. त्यांचा साहेब ओरडला, आग कुठंय? पाद्रीबाबा म्हणाले, तेच तर सांगतोय.

ओलुचीची आई : त्या दिवशी सात जणांनी दारू सोडली.

दुबेम : बघा! फायदे आहेत.

पॉलिकार्प : हिचा फोन चोरीला गेला तेव्हाचा फायदा सांग की. दोन दिवस आबाक्पा ओनित्शाच्या बाजारात विकायला ठेवलं होतं! लसवाल्या बाया तिकडे गेल्या, दिसेल त्या पोराला टोचत सुटल्या, आणि अहवाल गेला की आबाक्पात एकही मूल टोचायचं राहिलं नाही. माझ्या नातवाला अजून टोचायचंय. कागद म्हणतो, टोचलं.

दुबेम : ती चूक मी सुधारली, काका. आता फोन दोन तास हलला नाही की नकाशा समजतो, वस्तू पडली.

ओलुचीची आई : वस्तू कोण?

दुबेम : तुम्ही. म्हणजे… यादीतला शब्द आहे तो. पाण्याची टाकी, मोठं झाड, चर्च, इतर. तुम्ही ‘इतर’मध्ये आहात.

ओलुचीची आई : मेल्या, तुला रोज दोन अकारा जास्त घालत होते मी!

पॉलिकार्प : अरे, मग फोन माझ्याकडे ठेवा. मला जोड त्या ठिपक्याला. मी कुठं जात नाही. कुणी बोलवतच नाही.

दुबेम : चालेल, काका! पण नवा ठिपका मांडायचा तर तो कुठं आहे, ते आधी ओळखीच्या खुणेवरून लिहावं लागतं. लिहितो मी. बोला, तुम्ही कुठं आहात?

पॉलिकार्प : हे काय, ओलुचीच्या आईपासून बारा पावलं.

दुबेम : आणि ओलुचीची आई कुठं?

पॉलिकार्प : माझ्यापासून बारा पावलं, उजवीकडे.

दुबेम : नाही घेत. लाल झालं.

ओलुचीची आई : पुरे झाला तुमचा खेळ. ते तुपाएवढं जपून ठेवलेलं पामतेल उचला कुणीतरी. आणि फोन मी कुणाला देणार नाही. ओलुची दर तासाला फोन करतेय.

दुबेम : आई, ऐका ना. चार वर्षं मी या गल्ल्या पायी तुडवल्यात. वडील म्हणतात, हे ठिपके सोड आणि बँकेत चिकट. काकू म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. आणि आता किगालीहून बोलावणं आलंय. सगळ्या आफ्रिकेतले नकाशावाले येणार आहेत. गुरुवारी मंचावर एवढा मोठा पडदा, आणि त्यावर तुम्ही!

ओलुचीची आई : मी? पडद्यावर?

दुबेम : ठिपका. तुम्ही कढईपासून चवळीच्या पोत्यापर्यंत गेलात की सहाशे बारा घरं तेवढीच सरकणार, आणि परत येणार. परीक्षकांना तेच बघायचंय. जमलं तर तिथल्या संस्थेत नोकरी पक्की. पण पडद्यावर एनुगूच्या जागी लागोस आलं तर मी मेलो.

पॉलिकार्प : मग खिळा ठोक की ठिपक्याला. हलायचाच नाही.

दुबेम : न हलणारे ठिपके जगात सगळ्यांकडे आहेत, काका! माझा हलतो, म्हणून तर मला बोलावलंय.

ओलुचीची आई : तुझं भलं होऊ दे रे बाळा. पण मला जायचंय.

दुबेम : आणि हिरव्या पत्र्याच्या घरातली न्वान्ने? तिला जुळं होतं. संध्याकाळी अचानक कळा सुरू झाल्या. सात मिनिटांत ॲम्ब्युलन्स दारात आली. पूर्वी तासभर शोधत फिरायची. का आली? तुम्ही इथं तळत होतात म्हणून.

ओलुचीची आई : ती दोन्ही पोरं…

दुबेम : ठणठणीत आहेत. परवाच पाहिली मी.

ओलुचीची आई : जरा बसते मी.

पॉलिकार्प : झालं! बसली. बस गेली आता.

ओलुचीची आई : नऊ वर्षं वाट बघितली माझ्या लेकीनं. नऊ वर्षं तिला नको नको ते बोलले लोक. आणि आज तिला मूल झालंय, तर तू माझ्यासमोर सहाशे बारा घरं आणून ठेवतोस? कोण मी? वडे तळणारी बाई. तू त्या दिवशी विचारलंस काय, तर ‘आई, तुम्ही इथं कायमच्या का?’ मी आपली म्हटलं, मी कुठं जाणार! एवढंच बोलले ना मी?

दुबेम : त्यावरच मी खूण केली. ‘कायमची.’

ओलुचीची आई : बोलायचीसुद्धा चोरी! थांब, तिचाच फोन. हॅलो, ओलुची? रडू नको गं. रडू नको, आधी सांग. दूध येत नाही? येईल, येतं, पहिल्या दिवशी असंच असतं. तिला उभी धर खांद्याशी. कोण निघाल्या? सासूबाई? ओवेरीहून? त्यांना सांग, आई येतेय. सांग की मासे, मसाला सगळं भरलंय. नाही, नाही, कुणाकडून शेकून घ्यायचं नाही, पाणी मी तापवणार. तू एकटी नाहीस. मी बसमध्ये बसलेच समज. ठेव आता.

पॉलिकार्प : सासू निघाली?

ओलुचीची आई : निघाली. लेकीचं ओमुग्वो, बाळंतिणीचं सगळं, पहिल्यांदा आईनं करायचं. आई पोचली नाही म्हणून सासूनं केलं, हे जन्मभर ऐकावं लागतं पोरीला. पण ते राहू दे. ती रडतेय. एवढी मोठी, बँकेच्या दोन शाखा सांभाळणारी बाई, आणि ‘आई, मला काहीच येत नाही’ म्हणून रडतेय. मी जाणार, दुबेम. न्वान्नेला माझा निरोप सांग आणि माझ्यावर काय रागवायचं ते रागव.

दुबेम : रागवत नाही. पण मग ॲम्ब्युलन्स कुठं जाईल? लागोसला तुमच्या नातीला बघायला?

ओलुचीची आई : तू रोज घरी जाताना उतरतोस कुठं?

दुबेम : बेकरी स्टॉपला.

ओलुचीची आई : बेकरी कशी आहे? पाव ताजा असतो?

दुबेम : बेकरी नाहीये तिथं. बंद पडली.

ओलुचीची आई : कधी?

दुबेम : माझ्या जन्माच्या आधी.

ओलुचीची आई : मग रोज उतरतोस कसा?

दुबेम : कंडक्टर ओरडतो ना, बेकरी…

पॉलिकार्प : बेकरी ओरडला की तू उतरतोस.

दुबेम : चार वर्षं, काका. चार वर्षं मी रोज तिथं उतरतोय.

ओलुचीची आई : बेकरीवाला गेला, भट्टी गेली, भिंतसुद्धा गेली. जागा अजून तिथंच आहे. मी तर तीन महिन्यांनी परत येणार आहे रे! माझं नाव इथं ठेव आणि मला सोड.

दुबेम : म्हणजे खिळा ठोकायचा.

ओलुचीची आई : ठोक.

दुबेम : मग गुरुवारी मी त्या पडद्यासमोर काय सांगू?

ओलुचीची आई : सांग, बाई गेली आणि जागा राहिली.

दुबेम : त्यावर कुणी नोकरी देत नसतं, आई.

ओलुचीची आई : नसेल देत. मला वाईट वाटतं रे. खरंच वाटतं. पण मी काय करू?

पॉलिकार्प : सात पंचवीस.

दुबेम : द्या फोन. हं. ‘वस्तू फोनपासून तोडायची आहे का?’ हो. ‘कारण निवडा.’ पडली, जळली, वाहून गेली, सरकारनं पाडली.

ओलुचीची आई : बाळंतपण घाल.

दुबेम : ते यादीत नाही.

ओलुचीची आई : पाण्याच्या टाकीला लेक नसते वाटतं? बरं, वाहून गेली कर. निदान ओली तरी होईन. सरकारनं पाडली मुळीच करू नकोस, एकतीस वर्षं पुरून उरलेय मी त्यांना.

दुबेम : ‘वस्तू परत येण्याची शक्यता आहे का?’

ओलुचीची आई : हा काय प्रश्न झाला? पोरीला उभी करते, नातीचं नाव ठेवते आणि येते. कढईला हात लावू नका कुणी.

दुबेम : झालं. ठोकला.

ओलुचीची आई : दुखलं नाही काही. चला, पॉलिकार्प, ती पिशवी घ्या. ती नाही, रताळ्यांची जड आहे, ती दुबेम घेईल. अरे, डोळे पूस बाबा. किगालीला असा जाणार आहेस का?

(कोपऱ्यावर. बस सुटून अर्धा तास झालाय.)

पॉलिकार्प : बघ रे, गेला का ठिपका?

दुबेम : नाही. बस आता नाइन्थ माइलच्या पुढे असेल. ठिपका इथंच आहे, कढईवर. अगदी कुणाच्याही ठिपक्यासारखा दिसतो.

पॉलिकार्प : किगालीला जाणार ना?

दुबेम : जाईन. विमानाचं तिकीट त्यांनी पाठवलंय. परीक्षक म्हणतील, हलवून दाखवा. मी म्हणेन, हलत नाही. मग काय, हसतील. फार वाईट वाटतंय, काका.

पॉलिकार्प : वाटणारच. बस या टायरवर. तुझ्या त्या ठिपक्यानं मला दहा महिने छळलं, तरी सांगतो, मोजमाप तुझं चोख होतं. बारा म्हणजे बाराच पावलं आहेत. मी मोजून बघितली.

दुबेम : आता तरी घाला ना तुमचं नाव. जागा रिकामी आहे. मी लिहितो, ‘पॉलिकार्पचं पंक्चर’. मोठ्या अक्षरात लिहितो.

पॉलिकार्प : थांब, फोन वाजतोय. हॅलो? हो, पॉलिकार्पच बोलतोय. पुढचं की मागचं? दोन्ही? मग ढकलत आणा हळूहळू, उघडंच आहे दुकान. कुठं म्हणजे? ओलुचीच्या आईपाशी या. नाही हो, ती नाहीये, लागोसला गेलीय लेकीकडे. हो. हो, तिथंच.